आजोबांची चार कपाटं, दोन ट्रंका आणि वेचून काढलेली तीस पुस्तकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : साताऱ्याचा वाडा तीन महिन्यांत रिकामा करून द्यायचा आहे. आजोबा शाळेत संस्कृत-मराठी शिकवायचे. त्यांची चार कपाटं आणि दोन ट्रंका भरून पुस्तकं आहेत, साधारण दीड हजार. जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने तीसेक पुस्तकं बाजूला काढली आणि ‘यांचे पंचवीस हजार देतो, बाकीची रद्दीत घाला’ म्हणाला. द्यावीत का? आणि कॅलिफोर्नियातल्या भावाला त्यातली काही पाठवता येतील का?

लगेच देऊ नका. मी पुण्यात बरीच वर्षं हाच धंदा करतो, म्हणजे तुम्ही एका व्यापाऱ्याबद्दल दुसऱ्या व्यापाऱ्याला विचारताय, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. तो माणूस लबाड आहे असं मी म्हणणार नाही. पंचवीस हजार कदाचित रास्तही असतील. पण जाता जाता त्याने तुमचं एक काम फुकटात करून दिलंय. दीड हजारांतून नेमकी कुठली तीस बघायची, ते त्याने दाखवलं. ती अजून वेगळी असतील तर तशीच राहू द्या, मिसळली असतील तर आठवून काढा आणि नावं लिहून ठेवा. त्याने ट्रंका उघडल्या होत्या का, हेही आठवा. घाईत आलेला माणूस कपाटं बघतो. ट्रंका बहुधा राहतात.

आता या धंद्याचं गणित सांगतो, कारण तुमचा निर्णय त्यावरच ठरणार आहे. घरगुती संग्रहात पैशाचा मोठा भाग चाळीस-पन्नास पुस्तकांत असतो. मधली तीन-चारशे सावकाश, वर्ष-दोन वर्षांत खपतात. उरलेल्या हजाराला गिऱ्हाईक जवळजवळ नसतं. त्यांची किंमत रद्दीच्या भावाच्या थोडी वर, कधी तीही नाही. जो पहिल्यांदा वेचतो तो साय काढून नेतो, आणि नंतर बाकीचं उचलायला कोणी येत नाही. टेंपो, हमाली, गोडाऊनचं भाडं हा सगळा खर्च त्या चाळीस पुस्तकांतून निघायचा असतो. म्हणून ‘एवढी देतो, बाकीची रद्दीत घाला’ हा सौदा तुम्हाला दोनदा महाग पडतो. चांगल्या पुस्तकांना भाव कमी मिळतो, आणि उरलेल्या चौदाशेंचं ओझं तुमच्याच माथी राहतं.

तेव्हा मार्ग दोनच. एक तर सगळं उचलणारा माणूस शोधा आणि त्याला अख्खा संग्रह एकत्र द्या. नाही तर वेचण्याचं काम स्वतः करा, वरची पुस्तकं एकेक भाव ठरवून विका आणि बाकीच्यांचं काय करायचं ते आधीच ठरवा. अर्धवट काही करू नका. तुमच्याकडे तीन महिने आहेत, त्यामुळे माझा कौल पहिल्या मार्गाला आहे, पण एका अटीवर. यादी झाल्याशिवाय कोणालाही घरात घ्यायचं नाही.

यादी करताना घरातली माणसं सहसा एक चूक करतात. ती पुस्तकाचं वय बघतात. जुनं म्हणजे महाग, हे समीकरण आमच्या धंद्यात चालत नाही. पांडवप्रताप, शिवलीलामृत, गुरुचरित्र, हरिविजय ही पुस्तकं शंभर-सव्वाशे वर्षांची असली तरी घरोघरी आहेत. ती वर्षानुवर्षं छापली गेली आणि पूजेत असल्यामुळे जपलीही गेली. जपलं गेलेलं पुस्तक दुर्मीळ होत नाही. दुर्मीळ होतं ते वापरून फाटलेलं, फेकलेलं, कोणाला ठेवावंसं न वाटलेलं. शाळेची क्रमिक पुस्तकं, अंकलिप्या, संगीत नाटकांच्या पद्यावल्या, पाककृतींच्या चोपड्या, वगाच्या नि लावण्यांच्या चोपड्या, व्यापाऱ्यांचे सूचिपत्रक, पंचांगं, सभा-संमेलनांचे अहवाल. सत्यशोधक किंवा आंबेडकरी चळवळीची पत्रकं आणि जलशांच्या पदांच्या पुस्तिका. डॉ. आंबेडकरांच्या वृत्तपत्रांपैकी ‘मूकनायक’ १९२० चा, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चा. त्यांचा एखादा सुटा अंक ट्रंकेच्या तळाशी निघाला तर तो कपाटातल्या पन्नास जाड ग्रंथांना भारी पडेल. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची. हे छोटेखानी पुस्तक विस्मृतीत गेलं होतं, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा कुठे लोकांना त्याचं मोल कळलं. असं पुस्तक कपाटात उभं दिसतच नाही, दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये दबून बसतं. म्हणून बारीक पुस्तकं आधी काढा.

जप्तीचं साहित्यही असंच. सावरकरांनी लिहिलेलं मॅझिनीचं चरित्र १९०७ ला आलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. अशा पुस्तकांच्या मूळ प्रती लोकांनी भीतीपोटी जाळल्या किंवा मुखपृष्ठं फाडून दुसऱ्याच पुस्तकाच्या बांधणीत लपवल्या. त्यामुळे बाहेर एक नाव आणि आत दुसरंच काही, असं पुस्तक दिसलं तर ते चुकीचं बांधलंय म्हणून बाजूला टाकू नका.

पुस्तक उघडलं की पहिल्यांदा शीर्षकपान बघा. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकाचं शीर्षकपान फार बोलकं असतं. वर नाव, मध्ये ग्रंथकर्ता आणि त्याचा हुद्दा, खाली ‘हे पुस्तक पुणे येथे अमुक छापखान्यात छापिलें’, मग शक आणि सन, कोपऱ्यात ‘किंमत ८ आणे, टपालहंशील निराळें’. नुसता शक असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८०५ म्हणजे १८८३. पुस्तक पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर एखादं वर्ष पुढे जातं, त्याने काही बिघडत नाही. ‘सन १८६७ चा आक्ट २५ याप्रमाणे रजिस्टर केलें’ अशी ओळ असेल तर पुस्तक त्या कायद्यानंतरचं, म्हणजे वर्षाचा आकडा फाटला असला तरी एक टोक हाती लागतं. ‘आवृत्ति पहिली’ आणि ‘प्रती १०००’ असंही कधी कधी छापलेलं असतं. या सगळ्या गोष्टी यादीत जशाच्या तशा उतरवा, आपल्या मनाने सुधारू नका.

शीर्षकपान फसवतंही. याचं नेहमीचं उदाहरण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण पुण्यात १९७५ साली झालं. ‘१८५७ चा मोल्सवर्थ आहे’ असा फोन आला की मी आधी कागद विचारतो. पांढरा, गुळगुळीत, ऑफसेटवर छापलेला असेल तर ते पुनर्मुद्रण. खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी छापलेल्या पानावर मागून बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो, ऑफसेटच्या पानावर लागत नाही. ही एक खूण शिकून घेतलीत तर निम्मे घोटाळे घरच्या घरी मिटतील. ‘गीतारहस्य’चंही तसंच. पहिली आवृत्ती १९१५ ची, पण तेव्हापासून आजवर ते पुस्तक छापलं जातंच आहे. घरातली प्रत ‘टिळकांच्या काळातली’ असते असं सगळेच सांगतात. बघायला गेलं तर ती पुढचीच कुठली तरी आवृत्ती निघते.

आजोबा संस्कृतचे होते, तेव्हा निर्णयसागरची पुस्तकं नक्की असतील. जावजी दादाजींच्या त्या छापखान्याचा टाइप आणि मुद्रितशोधन इतकं चोख होतं की ‘काव्यमाला’ या संस्कृत काव्यांच्या मालेतले खंड अभ्यासक आजही मागतात. भाव फार मोठा येत नाही, पण ही पुस्तकं हमखास जातात, म्हणून वेगळी लावा. शिळाछापाची पोथ्यांच्या आकाराची पुस्तकंही वेगळी लावा. दगडावरून छापलेल्या या पुस्तकांत अक्षर हाताने लिहिल्यासारखं दिसतं आणि घरातले लोक त्यांना हस्तलिखित समजतात. हस्तलिखित नसली तरी १८७० च्या आतली, त्यातही चित्रं असलेली, चांगली मागणी असलेली असतात.

विसाव्या शतकातलं ललित वाङ्मय तुम्ही बहुधा ‘नवीन’ म्हणून खालच्या कप्प्यात टाकलं असेल. ते वर घ्या. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ची १९४७ ची प्रत, ‘कोसला’ची १९६३ ची पहिली आवृत्ती, साठीच्या दशकातली अनियतकालिकं (ठरावीक मुदतीशिवाय निघणारे छोटे वाङ्मयीन अंक) यांच्यामागे आज तिशी-चाळिशीतले संग्राहक आहेत आणि पोथ्यांपेक्षा जास्त पैसे मोजतात. पण त्यांना प्रत मुखपृष्ठासकट हवी असते. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेली कादंबरी आणि तीच कादंबरी वाचनालयाच्या खाकी पुठ्ठ्यात बांधलेली, यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मासिकांचे बांधीव खंड असतील तर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं आत आहेत का बघा. बाइंडर ती फाडून टाकायचे, आणि आता लोकांना नेमकी तीच हवी असतात. ‘मनोरंजन’ने १९०९ ला पहिला दिवाळी अंक काढला. तिथपासून पुढच्या जुन्या दिवाळी अंकांना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. ते रद्दीच्या गठ्ठ्यात बांधू नका.

केतकरांच्या ज्ञानकोशासारखे संच पूर्ण असतील तरच संच. तेवीस खंडांतले एकोणीस असतील तर ते एकोणीस सुटे खंड झाले, आणि सुट्या खंडाला भाव नाही. हरवलेला खंड शेजारच्या खोलीत, काकांच्या घरी, कुठे तरी असतो. तो शोधण्यात घालवलेला एक दिवस वाया जात नाही. इंटरनेटवर आता असे कोश आणि हजारो जुनी मराठी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात, हेही लक्षात घ्या. नुसता मजकूर हवा असणारं गिऱ्हाईक त्यामुळे संपलं. आता पैसे देतो तो ती वस्तू हवी असणारा.

यादीसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी ठेवा. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. मोठ्या ग्रंथालयात बघायला मिळते. तुमचं पुस्तक तिच्यात सापडलं तर कुठली आवृत्ती कधीची हे कळतं. सापडलं नाही तर ते पुस्तक वेगळं ठेवा आणि कोणालाही त्याचा भाव घाईने सांगू नका. प्रत्येक पुस्तकाची यादी करायचीही गरज नाही. १९५० च्या आधीची सगळी, नंतरच्यांपैकी पहिल्या आवृत्त्या, आणि जिथे लेखकाची सही किंवा ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं आहे ती. बाकीची कप्प्याकप्प्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून.

हे करताना पुस्तकं साफ करू नका. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ झटकली की पुरे. ओलं फडकं नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, आणि नवीन बांधणी करून घेण्याचा मोह टाळा. आजोबांचं नाव, समासातल्या टिपा खोडू नका. मूळची विटलेली बांधणी नव्या रेक्झिनपेक्षा जास्त मोलाची. कसर लागलेली किंवा वाळवीची पुस्तकं मात्र त्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवा. ज्यांची पानं हात लावताच तुकडे होऊन पडतात ती बहुतेक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली असतील. लाकडाच्या लगद्याचा तो आम्लयुक्त कागद आहे. त्याच्या आधीचा चिंध्यांचा किंवा हातकागद अजून तुकतुकीत असतो. तेव्हा पिवळं पडलेलं ते जास्त जुनं, असं धरू नका.

एखाद्या वाचनालयाचा शिक्का असेल तर ‘रद्द’चा शिक्काही आहे का ते पाहा. नसेल तर ते पुस्तक विकू नका, वाचनालय चालू असेल तर परत करा. शहाणा व्यापारी असं पुस्तक बघून बाकीच्या संग्रहाबद्दलही साशंक होतो.

आता ट्रंका. साताऱ्याच्या वाड्यातल्या ट्रंकेत मोडी कागद निघाले नाहीत तरच नवल. पत्रं, जमाखर्च, वतनाची कागदपत्रं, हस्तलिखित पोथ्या. हे पुस्तकांच्या सौद्यात घालू नका. व्यापाऱ्याने ‘हे कागद वर टाका’ म्हटलं तर नाही म्हणा. यांचा भाव मी सांगणार नाही, कारण एकेक कागद वाचल्याशिवाय तो कोणालाच सांगता येत नाही. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्था यांच्याकडे आधी दाखवा. आणि इथे कायदा येतो. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू कायद्यात पुरावस्तूसाठी शंभर वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखितं आणि कागदपत्रं पंचाहत्तर वर्षांतच त्या व्याख्येत येतात. चित्रं असलेलं हस्तलिखित निघालं तर नोंदणीचाही विषय येतो. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तो आहे का, हे घेणाऱ्याला विचारायला लाजू नका.

कॅलिफोर्नियातल्या भावाला पुस्तकं पाठवण्याच्या प्रश्नाचं उत्तर याच कायद्यात आहे. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती विकलेली असो, भेट असो की वारशाचा वाटा. शंभर वर्षांवरचं छापील पुस्तकही यात धरलं जाऊ शकतं. कुरियरवाला ‘जुनी पुस्तकं’ म्हणून पार्सल घेईल, अडेल ते कस्टममध्ये. शंका असेल तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. सोपा मार्ग हा की भावाने आजोबांच्या वापरातली, १९४० नंतरची पुस्तकं निवडावीत. आणि हो, त्याची निवड आणि विक्रीला संमती, दोन्ही विक्रीच्या आधी लेखी घ्या. आत्या-काकांचा हक्क असेल तर त्यांचीही. टेंपो भरताना आलेल्या फोनमुळे मोडलेले सौदे मी पुष्कळ पाहिलेत.

यादी झाली की तीन व्यापाऱ्यांना तीच यादी पाठवा. पहिला आलेला माणूसही त्यात असू द्या, त्याची नजर चांगली दिसते. ‘तुमची अपेक्षा सांगा’ असं आम्ही सगळेच विचारतो. तुम्ही आकडा सांगायचा नाही. ‘यादी बघून अख्ख्याचा आकडा लिहून द्या, आणि वरच्या पन्नासांचा वेगळा’ एवढंच म्हणा. दोन आकड्यांतला फरक पाहिला की तो बाकीच्यांना काय मोजतोय ते कळेल. जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळांवरचे भाव त्याच्या तोंडावर फेकू नका. ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत, आणि काही पुस्तकं तिथे वर्षानुवर्षं तशीच पडून आहेत. व्यापारी ज्या किमतीला विकणार त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत तुम्हाला देऊ करेल. ऐकायला कमी वाटतं, पण ते पुस्तक त्याच्याकडे दोन वर्षं पडून राहणार असतं. एखाद-दुसरं फारच मोठं पुस्तक निघालं तर तेवढं लिलावाला द्या. तिथे कमिशन किती, फोटो-विम्याचा खर्च कोणाचा, न खपलं तर परत कधी, हे सही करण्याआधी वाचा. ‘विकून देतो, मग पैसे देतो’ या बोलीवर काहीही नेऊ देऊ नका, नेऊ दिलंत तर मुदत आणि वाटा कागदावर हवा. टेंपो दारातून हलण्याआधी पैसे खात्यात जमा झालेले असावेत.

ग्रंथालयाला भेट द्यायचा विचार असेल तर तीही यादीच मागतील. जागा कोणाकडेच नाही. त्यांच्याकडे नसलेली पुस्तकं ते घेतील, उरलेली नम्रपणे नाकारतील. आजोबांच्या नावाचं वेगळं कपाट ठेवा ही अट घातलीत तर बोलणी तिथेच थांबतील. गावातल्या लहान वाचनालयाला गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या कादंबऱ्या-चरित्रं खुशाल द्या, ती वाचली जातील. १८८० चं पुस्तक तिथे देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर पहिला महिना पूर्ण यादीला ठेवा, दुसरा व्यापाऱ्यांना, तिसऱ्यातले शेवटचे पंधरा दिवस उचलायला. पावसाळा मध्ये येत असेल तर एखादी कोरडी खोली भाड्याने घेऊन पुस्तकं तिथे हलवा आणि सौदा निवांत करा. ते भाडं भिजलेल्या पुस्तकांच्या नुकसानीपेक्षा नक्कीच कमी पडेल. भरायला पोती नकोत, किराणा दुकानातले बिस्किटांचे खोके घ्या, आडवी रचा, आणि प्रत्येक खोक्यावर कपाट नि कप्प्याचा क्रमांक टाका. रद्दीत जाणारं प्रत्येक पुस्तक आधी कण्याला धरून उलटं झटका. चिठ्ठ्या, पोस्टकार्डं, पावत्या, कधी नोटा, काय काय पडतं त्यातून. नोटा तुम्ही ठेवालच, पोस्टकार्डंही ठेवा.